वाचकांचे प्रश्न: लॉची सीईटी, कॅप राऊंड आणि कागदपत्रं

गेल्या अंकात लॉच्या ॲडमिशनबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, चोपड्यापासून अक्कलकुव्यापर्यंतची पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले. सगळे छापायला जागा नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, गाव फक्त दिलंय. जळगावच्या कोर्टात रोज उभी राहणारी वकील बाई म्हणून मला जे माहितीये ते लिहितेय, आणि दरवर्षी सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाची, माहिती पुस्तिका नवीन येते ती स्वतः डाउनलोड करून वाचा, हे पहिल्यांदाच सांगते कारण नियम बदलतात आणि मागच्या वर्षीच्या मैत्रिणीचं ऐकून फॉर्म भरणारी मुलं अडकतात.

ताई, मी बारावी आर्ट्सला आहे, मराठी मीडियम, घरी कापसाची शेती. मला पाच वर्षांचं लॉ करायचंय. मैत्रीण म्हणते क्लॅट दे, नाहीतर काही उपयोग नाही, त्यासाठी पुण्याला क्लास लावावा लागतो. वडील म्हणतात एवढे पैसे नाहीत. इंग्लिश तर माझं कच्चंच आहे. काय करू? – एक विद्यार्थिनी, चोपडा

आधी दोन परीक्षा वेगळ्या करून घेऊ, कारण अर्धी भीती त्या एकत्र केल्यानेच वाटते.

क्लॅट म्हणजे देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा. ती डिसेंबरमध्ये होते, म्हणजे तुझ्या बारावी बोर्डाच्या आधीच, पेपर फक्त इंग्लिशमध्ये, १२० प्रश्न, दोन तास, आणि जवळपास सगळं उताऱ्यांवर, मोठमोठे उतारे वाचायचे आणि त्यावरचे प्रश्न सोडवायचे. चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. फीच ओपन आणि ओबीसीला चार हजाराच्या घरात जाते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला अशी विद्यापीठं आहेत, फार चांगली आहेत, आणि महाराष्ट्राच्या डोमिसाइलवाल्या मुलांसाठी तिथे राखीव जागाही असतात.

आणि एमएच सीईटी लॉ ही आपल्या राज्याची परीक्षा, राज्य सीईटी सेल घेतो. हिच्यातून गव्हर्नमेंट लॉ कॉलेज मुंबई मिळतं, पुण्याचं आयएलएस मिळतं, आणि आपल्या विद्यापीठाखालचं जळगावचं मणियार लॉ कॉलेज किंवा धुळ्याची कॉलेजंही मिळतात. पेपर कॉम्प्युटरवर, दोन तास, १२० प्रश्न, प्रत्येकाला एक मार्क, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रश्न मराठीतही दिसतात, फक्त इंग्लिशचा भाग अर्थातच इंग्लिशमध्ये. पाच वर्षांच्या कोर्ससाठी लीगल ॲप्टिट्यूड ३२, लॉजिकल रिझनिंग ३२, जीके आणि चालू घडामोडी २४, इंग्लिश २४ आणि गणित फक्त ८. आता तूच बघ, १२० पैकी इंग्लिश २४. ज्या गोष्टीला तू घाबरून बसलीयेस ती पेपरचा पाचवा भाग आहे, उरलेले ९६ मार्क तू तुझ्या भाषेत मिळवू शकतेस.

म्हणून माझं स्पष्ट मत: तू सीईटी लॉ ही मुख्य परीक्षा धर. क्लॅट द्यायचीच असेल तर दे, पण ती नाही दिली तर वकील होता येत नाही हे साफ खोटं आहे. जळगाव कोर्टात सिव्हिलला ज्यांचं नाव निघतं त्यातले किती तरी जण इथल्याच कॉलेजात शिकलेत.

क्लासचं म्हणशील तर पुण्याला जाऊन राहणं, मेस, क्लासची फी, हे सगळं करून जे मिळतं त्यातलं बरंचसं घरी बसून होतं. जुने पेपर, एक बरं पुस्तक, आणि रोजचा पेपर. पेपर म्हणजे वर्तमानपत्र, आणि ते कसं वाचायचं तेही सांगते. पहिलं पान आणि संपादकीय, आणि त्यात सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट, संसद, निवडणूक आयोग, राज्यपाल असा शब्द आला की तिथे थांब आणि वहीत लिही की कोणी काय ठरवलं आणि कुठल्या कायद्याखाली. ही वही परीक्षेच्या आधी कुठल्याही महागड्या नोट्सपेक्षा जास्त कामाला येते. इंग्लिशसाठी रोज एक छोटी बातमी मोठ्याने वाच, शब्द वहीत लिही, आणि ग्रामरमध्ये काळ, प्रिपोझिशन, आर्टिकल, समानार्थी-विरुद्धार्थी एवढं आधी पक्कं कर. तुझं टार्गेट २४ पैकी २४ नाही, १४-१५ आले तरी तू शर्यतीत आहेस.

फीबद्दल वडिलांना हे दाखव. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे, पण प्रवेश सरकारी कॅप प्रक्रियेतून, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांतून, झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. म्हणजे एखाद्या एजंटने "कशाला सीईटीच्या भानगडीत पडता, डायरेक्ट सीट देतो" म्हटलं तर तो तुमची फी माफीच घालवतोय. आणि बारावीला ४५ टक्के लागतात, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०, तर बोर्डाकडे दुर्लक्ष करू नकोस.

मी शहाद्याचा. सायन्सचा विद्यार्थी, कायदा कधी शिकलोच नाही. मग लीगल रिझनिंगचे प्रश्न सोडवायचे कसे? गाईडमध्ये कलमं पाठ करायला सांगितलीत, शेकड्याने. – एक विद्यार्थी

कलमं पाठ करत बसू नकोस. या भागात दोन प्रकारचे प्रश्न असतात आणि दोघांची तयारी वेगळी आहे.

पहिला प्रकार, एक तत्त्व देतात आणि एक प्रसंग देतात, आणि विचारतात की हे तत्त्व लावलं तर निकाल काय. इथे कायदा आधी माहीत असायची गरजच नाही, तत्त्व समोर लिहिलेलं असतं. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. तत्त्व: समोरच्याने स्वीकार कळवायच्या आत प्रस्ताव देणाऱ्याला आपला प्रस्ताव मागे घेता येतो. प्रसंग: रावेरचा एक शेतकरी व्यापाऱ्याला फोनवर सांगतो, माझ्या बागेतली केळी अमुक भावाने देतो, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. दुसऱ्या दिवशी दुपारी भाव चढतो, शेतकरी फोन करून सांगतो की आता मी देत नाही. संध्याकाळी, मुदतीच्या आत, व्यापारी म्हणतो मला मान्य आहे, माल द्या. करार झाला का?

आपली दहापैकी आठ मुलं म्हणतात झाला, कारण शब्द दिला होता, मुदत दिली होती, आणि आपल्याकडे शब्दाला किंमत आहे. गावात ते बरोबरच आहे. पण प्रश्न तुला गावात काय शोभतं ते विचारत नाहीये, दिलेलं तत्त्व लावायला सांगतोय. स्वीकार कळवला कधी, संध्याकाळी. प्रस्ताव मागे घेतला कधी, दुपारी. मग करार झाला नाही. व्यापाऱ्याने मुदतीपर्यंत थांबण्यासाठी इसार दिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, पण प्रसंगात तसं लिहिलेलं नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते मनाने घालायचं नाही. हा एक नियम हाताशी ठेवलास तर या प्रकारातल्या निम्म्या चुका थांबतील.

दुसरं एक बघ. तत्त्व: अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार सुरुवातीपासूनच रद्दबातल. प्रसंग: सतरा वर्षांचा मुलगा वय लपवून दुकानातून हप्त्यावर मोबाईल घेतो, हप्ते थकवतो, दुकानदार कराराप्रमाणे वसुलीचा दावा लावतो. मुलगा खोटं बोललाय म्हणून आपला राग त्याच्यावर असतो, आणि पर्याय ब मध्ये नेमकं "मुलाने फसवणूक केल्याने करार बंधनकारक" असं लिहिलेलं असतं. तो सापळा आहे. तत्त्वात फसवणुकीचा अपवाद दिलेला नाही, म्हणून करार रद्दबातल, दावा चालणार नाही. हा विषय १९०३ च्या मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाच्या, निकालावरून आलाय, लॉच्या पहिल्याच वर्षी तो तुला शिकवतील.

दुसरा प्रकार मात्र सरळ माहितीचा, आणि आपल्या राज्याच्या सीईटीत तो बऱ्यापैकी येतो. त्यासाठी संविधान नीट वाच. मूलभूत हक्क, म्हणजे अनुच्छेद १४, १९, २१ आणि ३२, मग राष्ट्रपती, संसद, न्यायव्यवस्था, आणीबाणी, घटनादुरुस्ती. ३२ सुप्रीम कोर्टासाठी आणि २२६ हायकोर्टासाठी, हा फरक आणि पाच रिट, म्हणजे हक्क मिळवून देण्यासाठी ही कोर्टं काढतात ते आदेश, कुठल्या हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. आपलं मुंबई हायकोर्ट १८६२ चं, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, शेजारचा नाशिक मात्र मुंबईकडे, हे आपल्या मुलांना माहीत नसतं.

आणि तुझ्याकडचं गाईड कधीचं आहे ते बघ. १ जुलै २०२४ पासून इंडियन पिनल कोड, सीआरपीसी आणि जुना पुरावा कायदा गेले, त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, फसवणुकीचं ४२० आता ३१८. जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकात हे नसेल तर संविधानाचा भाग तेवढा वाच, फौजदारी कायद्याचा भाग त्यातून वाचू नकोस.

माझं वय ३६, लग्न होऊन पंधरा वर्षं झाली. बीए मुक्त विद्यापीठातून केलं. आता एलएलबी करावंसं वाटतं. वय गेलं का? मुक्तची डिग्री चालते का? सासरचे म्हणतात कशाला आता. – एक वाचक, पारोळा

वय गेलेलं नाही ताई. सीईटीला वयाची वरची अट नाही. तुम्हाला तीन वर्षांचा कोर्स, पदवीनंतरचा, त्याची सीईटी वेगळी असते, १२० च प्रश्न पण वाटणी वेगळी, इंग्लिश ४० आणि जीके ३२, लीगल आणि लॉजिकल २४-२४, गणित नाहीच. म्हणजे तुम्हाला इंग्लिश आणि चालू घडामोडींवर जास्त बसावं लागेल.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची डिग्री चालते, अट एकच, शिक्षण क्रमाने झालेलं पाहिजे, आधी दहावी, मग बारावी, मग पदवी. ज्यांनी बारावी न करता पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट बीएला प्रवेश घेतला त्यांना बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या, नियमाने एलएलबीला घेत नाहीत, आणि हे कित्येकींना फॉर्म भरल्यावर कळतं, फी वाया जाते, मन मोडतं ते वेगळंच. तुमची बारावीची मार्कशीट असेल तर निश्चिंत रहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा मॅरेज सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवा.

सासरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण मी एक बघते रोज कोर्टात. पोटगीच्या, वाटणीच्या, घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये आलेली बाई पुरुष वकिलासमोर निम्मं बोलतच नाही, आणि घरात अहिराणी बोलणारी असेल तर प्रमाण मराठीत बोलायला अजून बिचकते. तिथे तिच्या भाषेत "काय झाय बहीण, सांग" असं विचारणारी, संसार केलेली, पस्तीस-चाळिशीची वकील बाई फार लागते. तुमची ही पंधरा वर्षं तिथे कामाला येतील.

आम्ही धडगाव तालुक्यातले. मुलगा बारावी पास, सीईटीला बरे मार्क पडले. गेल्या वर्षी गावातल्या दुसऱ्या मुलाला चांगले मार्क असून ॲडमिशन मिळालं नाही. का मिळालं नाही ते कोणी सांगत नाही. माझ्या मुलाचं तसं होऊ नये. – एक पालक

भाऊ, तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण हे दरवर्षी होतं आणि टाळता येण्यासारखं आहे. आपली मुलं पेपरात कमी पडत नाहीत, ती कागदात आणि तारखेत अडकतात.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की सीईटी दिली म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म भरला असं होत नाही. सीईटीचा फॉर्म वेगळा, आणि निकालानंतर कॅप नावाची जी प्रक्रिया असते तिचं रजिस्ट्रेशन वेगळं, त्याची फी वेगळी, तारखा वेगळ्या. बरीच मुलं निकाल लागला, मार्क पडले, आता कॉलेजचं पत्र येईल म्हणून वाट बघत बसतात. पत्र येत नसतं. मोबाईलवर मेसेज येतो, आणि धडगावात रेंज नसली की तोही वेळेवर दिसत नाही. म्हणून फॉर्मवर नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि निकालानंतर दर दोन दिवसांनी सीईटी सेलची वेबसाइट कोणाकडून तरी बघून घ्या. आश्रमशाळेतल्या सरांना सांगितलं तर ते बघून देतील.

दुसरं म्हणजे जात वैधता, व्हॅलिडिटी. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी या दोन वेगळ्या गोष्टी. दाखला प्रांत ऑफिसचा, आणि व्हॅलिडिटी अनुसूचित जमाती तपासणी समितीची, ती नंदुरबारला आहे. तिला वेळ लागतो. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा जुना दाखला, महसुली नोंदी, नात्यातल्या कोणाची आधीच झालेली व्हॅलिडिटी, हे सगळं जोडावं लागतं. हे काम अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत सुरू करायचं असतं. मुलगा आता पास झालाय, तर उद्याच्या उद्या समितीकडे अर्ज पडला का ते बघा, पडला नसेल तर टाका आणि पोचपावती जपून ठेवा, झेरॉक्स चार काढा. पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळण्याची सवलत त्या वर्षी आहे का ते माहिती पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पान उघडून वाचा किंवा वाचून घ्या. व्हॅलिडिटीच नाही म्हटल्यावर राखीव जागेवरून मुलगा ओपनमध्ये ढकलला जातो आणि मग चांगले मार्कही पुरत नाहीत. तुमच्या गावातल्या मुलाचं बहुतेक हेच झालं असणार.

ओबीसी, व्हीजेएनटीवाल्या वाचकांसाठी इथेच सांगते, तुम्हाला व्हॅलिडिटी जिल्हा समितीकडून आणि शिवाय नॉन क्रिमीलेअर, ते ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या शैक्षणिक वर्षाच्या मार्च अखेरपर्यंत चालणारं हवं. जुनं संपलेलं असतं आणि कोणी बघत नाही. तहसीलला जूनमध्ये जी गर्दी होते ती तुम्ही पाहिलीये, दाखले एप्रिलमध्ये काढा.

तिसरं, पसंतीचा फॉर्म. कॉलेजं क्रमाने लिहायची असतात. पहिल्या नंबरला तेच लिहा जिथे मुलाला खरंच जायचंय आणि पाठवायची तुमची तयारी आहे, शेजाऱ्याने लिहिलं म्हणून नाही. एकदोनच कॉलेजं लिहून थांबू नका, खाली नंदुरबार, धुळे, जळगाव लिहून ठेवा म्हणजे वरचं नाही मिळालं तरी वर्ष जाणार नाही. आणि सीट मिळाली की दिलेल्या तारखेच्या आत कॉलेजात मूळ कागद घेऊन हजर व्हायचं. धडगावहून एसटीने मुंबई-पुणे गाठायचं तर दिवस जातो, हे धरून निघा.

खर्चासाठी महाडीबीटी पोर्टलवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. सरकारी आदिवासी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे मुलाच्या बँक खात्यात येतात, त्याचाही अर्ज वेगळा. आधार बँकेला लिंक आहे का तेवढं आधी तपासा.

यूट्यूबवर एलसॅटचे व्हिडिओ बघतोय, लॉजिकल रिझनिंग खूप छान शिकवतात. ही परीक्षा आपण देऊ शकतो का? – एक विद्यार्थी, धुळे

ती अमेरिकेतल्या लॉ स्कूलची परीक्षा. तिथे लॉ हे पदवीनंतरच शिकता येतं, तीन वर्षांची जेडी डिग्री, आणि एलसॅटचा स्कोअर १२० ते १८० मध्ये येतो. ऑगस्ट २०२४ पासून त्यांनी लॉजिक गेम्स नावाचा प्रसिद्ध भाग काढून टाकला, आता मार्कांसाठी दोन लॉजिकल रिझनिंगचे आणि एक उताऱ्याचा असे तीन भाग, प्रत्येकी ३५ मिनिटं. भारतातल्या काही खासगी लॉ कॉलेजांसाठी २००९ पासून एलसॅट इंडिया नावाची वेगळी परीक्षा व्हायची, ती आता बंद झालीये, त्यामुळे तिच्या नावाने कोणी क्लासची फी मागत असेल तर देऊ नकोस.

व्हिडिओ मात्र बघत रहा. युक्तिवादातलं गृहीतक कुठलं, निष्कर्ष कुठला, कुठल्या वाक्याने तो कमजोर होतो, हे त्यात फार बारकाईने शिकवतात आणि ते क्लॅटला थेट आणि सीईटीला थोडं उपयोगी पडतं. फक्त जुन्या व्हिडिओतले लॉजिक गेम्स सोडवण्यात महिने घालवू नकोस. सीईटीत त्याऐवजी बैठक व्यवस्था, नातेसंबंध, कोडिंग, दिशा, घड्याळ-कॅलेंडर येतं, स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही मराठी पुस्तकात ते सापडेल.

रेल्वेत नोकरीला आहे. ड्युटी सांभाळून एलएलबी करायचंय. एक जण म्हणतो हजेरीचं आम्ही बघू, फक्त परीक्षेला या. घरबसल्या एलएलबीच्या पण जाहिराती येतात. – एक वाचक, भुसावळ

दोन्हीला हात लावू नका दादा. पत्राने किंवा ऑनलाइन केलेली एलएलबी वकिलीसाठी चालत नाही, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळत नाही. आणि नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून बायोमेट्रिक हजेरी सांगितली, शिवाय तुम्ही नोकरीत आहात का, त्याच वेळी दुसरी रेग्युलर डिग्री करताय का, याचं लेखी डिक्लेरेशन मागितलं. उद्या सनद घेताना खोटं डिक्लेरेशन उघडं पडलं तर वकिलीही जाईल आणि खात्यात चौकशी लागेल ती वेगळी. कायदा शिकायची सुरुवात खोट्या हजेरीने करायला सांगणाऱ्याचा मला तर फार राग येतो.

करायचंच असेल तर रीतसर मार्ग आहे. खात्याची एनओसी घ्या, कॉलेजचं टाइमटेबल बघा, सकाळचं कॉलेज आणि तुमची शिफ्ट जुळते का, साहेबांशी बोलून कायमची दुपारची किंवा रात्रीची ड्युटी मिळते का ते आधी विचारा आणि मगच फॉर्म भरा.

मुलीला जज करायचंय. बारावीनंतर लॉ करून लगेच परीक्षा देता येते ना? आमच्या वडिलांची फार इच्छा आहे, म्हणतात मनी नात जज व्हई. – एक पालक, साक्री

आजोबांची इच्छा फार चांगली आहे, पण "लगेच" हा शब्द काढून टाका. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. म्हणजे पाच वर्षं कॉलेज, तीन वर्षं प्रॅक्टिस, मग एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मुलाखत. जाहिरात येईल तेव्हा त्यातली अट नीट वाचायचीच.

मला स्वतःला हा निकाल पटलाय. तालुका कोर्टात तीन वर्षं तारखा घेतलेल्या, साक्षीदाराच्या डोळ्यात बघून उलटतपास केलेल्या मुलीला खुर्चीत बसल्यावर समोरचं समजतं. पण ज्या घरात मुलीच्या लग्नाची घाई आहे आणि पैशाची ओढ आहे तिथे ही तीन वर्षं फार जड जातात हेही तितकंच खरं. ज्युनिअरला सुरुवातीला हातात फार कमी पडतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि आपल्याकडे किती सीनिअर एवढे देतात ते कोर्टाच्या आवारात कोणालाही विचारा. तर मुलीच्या आठ-नऊ वर्षांचा हिशोब घरात आत्ताच बसून करा, आणि लग्नाची बोलणी करतानाही हे समोरच्यांना स्पष्ट सांगा.

सनदेचा खर्च मात्र आता आवाक्यात आलाय. पूर्वी राज्याराज्यात वेगवेगळ्या नावाखाली हजारो रुपये घेत, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही, म्हणजे ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये. नंतर ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते, ती मराठीतही देता येते आणि त्यात कोरे बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा नसलेली नुसत्या कायद्याची पुस्तकं, सोबत नेऊ देतात.

घरी कॉम्प्युटर नाही, मोबाईलवर मॉक टेस्ट देते. चालेल का? – एक विद्यार्थिनी, यावल

सरावाला चालेल, पण खरा पेपर माउसवर द्यायचाय, कीबोर्डला हात लावायचा नसतो, आणि ज्या मुलीने माउस कधी धरला नाही तिचा पहिला अर्धा तास क्लिक चुकते का या धाकातच जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचार, तालुक्याच्या अभ्यासिकेत बघ, नाहीतर सायबर कॅफेत जाऊन शेवटच्या महिन्यात काही मॉक पूर्ण दोन तासांच्या दे, मध्ये न उठता. निगेटिव्ह नाही म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, शेवटची पाच मिनिटं राखून ठेव आणि जे राहिलेत त्यांना काहीतरी उत्तर देऊनच उठ. सेंटर जळगावला किंवा दुसऱ्या गावाला आलं तर सकाळच्या गाडीवर विसंबू नकोस, आदल्या दिवशी नातेवाइकांकडे जाऊन रहा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल घेऊन नीघ, आणि हॉल तिकिटासोबत ओरिजिनल आयडी लागतो, मोबाईलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत.